लालासाबाच्या गाडीतला कचरा

...आन् परत्येकानं यायचं, बॉनेट उगडायचं, आत मुंडी घालायची, आन् बाह्येर काडून एकच सांगायचं, "कचरा आलाय!" आवं, कुटला कचरा? कवा आला? कुनी बोलावला? गाडी हाय का उकिरडा हाय ती? तुमाला सांगते बायानू, बसा की जरा, पंगत बसायला येळ हाय आजून... तर सांगते काय, आमच्या कुंडलात फौजेतनं पेन्सन घिऊन आल्याली जेवडी म्हनून बाप्यं हुती, त्येवड्या समद्यांनी त्या साली आमच्या मालकांच्या टरकात मुंडी घातली, आन् येकाला बी दुसरा शब्द घावला न्हाई. टाकीत पेट्रोल हाय का? हाय. फुलपातर भरून काडून दावलं. मंग गाडी का बंद पडती? "कचरा आलाय!"

आता टरक म्हंजे तुमी ह्यो आताचा, रंगीत, फुलं काडल्याला, गोंडं लावल्याला समजू नगा. आमचा टरक लढाईतला. ह्या परवाच्या लढाईतला न्हवं, त्या जरमनच्या! गोरं सायेब गेलं, टरक मागं ऱ्हायला. मंग आपल्या फौजेनं वापरला, वापरून वापरून पार चोथा केला, आन् मंग लिलावात काडला. बरं, डिझेलवर चालतोय म्हनावं, तर न्हाई, सायबाचा टरक, त्येला पेट्रोलच पायजे! आन् पितुया कसं? तान्हेली म्हस हौदाला लागावी तसं! त्यातनं त्या अरब लोकांनी काय केलं कुनाला ठावं, पेट्रोल म्हाग झालं, आन् आमचं मालक टाकीत काठी घालून बगायचं किती ऱ्हायलंय त्ये, कारन काटा तर गोरं सायेब जातानाच मोडून गेलं हुतं.

पर मालकांचा जीव त्या टरकावर! फौजेत तसलाच चालवल्याला की त्यांनी, आसामात, डोंगरातनं. लोकं पेन्सनीत येत्यात, हीर काडत्यात, ऊस लावत्यात. आन् आमचं मालक? मी दारात उबी, हातात भाकरतुकडा, आज कायमचं घरी येनार म्हनून नवं लुगडं नेसल्याली... आन् बगते तर म्होरनं ह्यो येवडा हिरवा डबा भोंगा वाजवत येतोय, आन् आत मालक हसत्यात! त्या टरकासाटी दावनीची बैलजोडी इकली बगा. आमच्या सासूबाई, धोंडुबाई, तुमी वळकताच, त्या रिकाम्या दावनीपाशी जाऊन बसल्या, आन् जे रडल्या, जे रडल्या! टरक कुटं लावला म्हायती हाय? बैलं बांदायची त्याच छपरात. बैलं न्हाईत तर न्हाईत, जागा तरी मोकळी नगं, आसं मालकांचं म्हननं.

मी बी चिडली हुती, खोटं का बोलू. पर खरं सांगते, मनातनं लय सुकावली हुती. आवं, लगीन झालं त्ये म्हयनाभर नवरा बगितला, आन् मंग पंधरा वर्सं नुसता सुट्टीला! पावन्यावानी यायचा, पावन्यावानी जायचा. एकदा तर आमच्या थोरल्या पोरीनं बापाला दारात बगून हाळी दिली, "आये, कोन तरी मामा आल्यात!" तवा मालक हसलं, पर जेवलं न्हाईत त्या रातीला. मंग आता कसला बी टरक आसू द्या, कसला बी डबा आसू द्या... सकाळी सांगलीला जाऊन सांजच्याला मानूस माज्या चुलीम्होरं भाकरी खातुया, ह्येच्या परास काय पायजे बाईला?

तर आसं समदं गोड चाललेलं, आन् त्या आखाडात गाडीनं धरलं! काय धरलं म्हंता? छपरातनं निगताना झ्याक! खडखड करत पलूस वलांडायची, माल आसू द्या न्हाई तर रिकामी आसू द्या, पळायची हरनावानी. आन् पलूसच्या पल्याड भामाबाईचं चहाचं हाटेल हाय बगा, पिपरनीखाली, बराबर त्येच्या म्होरं आली की... खुर्र... खुर्र... खुक्... ठप्प! मालक उतरायचं, बॉनेट उगडायचं, भामाबाई चहा आनून द्यायची, चहा पिऊन किल्ली मारली की गाडी सुरू! जनू काय झालंच न्हाई! आन् फुडं गेली की परत तेवड्याच पल्ल्यावर, ठप्प. परत थांबा. परत सुरू. म्हंजे आजारी हाय म्हनावं तर आजारी न्हाई, नीट हाय म्हनावं तर नीट न्हाई.

आन् हिकडं गावात काय उटलं? आमच्या शेजारची साळूबाई, चांगली हाय हो बाई, पर जिबंला हाड न्हाई. मला पान्यावर गाठलं आन् बारीक आवाजात म्हनते कशी, "राहे, कुनाला सांगू नगं... तुजा मालक रोज त्या भामाबाईच्या हाटेलात बसतुया म्हनं. रोज! गाडी बराबर तितंच बंद पडती म्हनं! आता गाडीला काय भामाबाई कळती व्हय?" झालं! माज्या डोस्क्यात किडा वळवळला. मी काय भामाबाई बगितल्याली न्हवती. मी मनात तिला हिरवं लुगडं नेसवलं, नाकात नथ घातली, पान खायला लावलं... रातीला झोप न्हाई मला! दुसऱ्या दिवशी आंबाड्याची भाजी करपवली, ती तशीच मालकांच्या ताटात वाडली. त्यांनी मुकाट खाल्ली. म्हटलं, बगा, मुकाट खाल्ली, म्हंजे आसनारच कायतरी!

मंग मालकांनी सुभेदार नानासोंना बोलावलं. नानासो म्हंजे मिशी आदी येनार, मंग नानासो येनार. हात मागं बांदून गाडीभवती फिरलं, एकदा हिकडनं, एकदा तिकडनं, जनू गाडी सलाम करनार हाय. आन् मंग फौजी आवाजात, "लालासाऽब! क्या है ये? कचरा! पाइप में कचरा आ गया है! निकालो!" झालं, पाइप काडली. पेट्रोल येतंय का? न्हाई. टाकी भरल्याली, आन् पाइपात थेंब न्हाई! "देका? कचरा!" मंग नानासोंनी मालकांना पाइपीत फुकायला लावलं. मालकांनी गाल फुगवलं आन् जी फुक मारली, टाकीत बुडबुड बुडबुड... आन् पेट्रोल सुरू! धो धो! नानासोंनी मिशीवर हात फिरवला, "निकल गया!" मी पदराआडनं इचारलं, "आवं, पर निगून गेला कुटं?" तर म्हनं, "टाकी में वापस गया!" म्हंजे बाह्येर निगाला त्यो परत आतच गेला? मला वाटलं इचारावं, पर मालक माज्याकडं आसं बगाय लागलं की मी गप बसले. बाईमानसाला काय कळतंय इंजनातलं!

आन् तवापासनं मालकांना पाइप फुकायचा नादच लागला. गाडी बंद पडली की फुक, गाडी बंद पडली की फुक. कवा फुकताना वडलं जायचं, तोंडभर पेट्रोल! सांजच्याला घरी आलं की वास मारायचा हो. सासूबाईंनी एक दिस पदर नाकाला लावला आन् मला चुलीपाशी वडून म्हनाल्या, "राहे, ल्योक दारू प्यायला लागलाय. आन् आपली गावठी न्हवं गं, ही कुटली तरी फौजेची हाय!" आता त्यास्नी काय सांगू? त्या रातीला सासूबाईंनी ल्येकाला इबुतीच लावली कपाळाला. आन् बिडी? बिडीची तर चोरीच! मानूस पेटायचं की!

मंग काय, कचरा टाकीत परत गेलाय म्हनल्यावर टाकी धुवाय पायजे! अख्खी टाकी उतरवली, आडावर नेली, झाडली, धुतली, उलटी केली, माज्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं पेट्रोल गाळलं, आन् गावातली बाप्यं भवती उकिडवी बसल्याली, जनू बाळंतीन सुटती. आन् निगालं काय म्हंता? येक बटान! हिरवं बटान, कुना सायबाच्या कोटाचं! नानासोंनी त्ये चिमटीत धरलं, वर केलं, उनात बगितलं, आन् वरडलं, "कचरा!" आवं, समद्या गावाला काय आनंद! बटान चावडीवर नेलं, समद्यांनी बगितलं. दुसऱ्या दिवशी मालक गुनगुनत गेलं... आन् भामाबाईच्या हाटेलाम्होरं... खुर्र... खुक्... ठप्प.

मंग तासगावचा इलियास मिस्त्री. मानूस गुनी हाय, आमच्या मालकांना भाऊ मानतो, मला वैनी. त्यो बी आला, आन् त्येनं बी पैलं काय म्हनावं? "वैनी, घाबरू नका, कचरा आलाय." मी म्हटलं, तुज्या तोंडात साकर पडो बाबा, पर कचरा परवाच चावडीवर नेलाय. मंग त्येनं कारबोरेटर सोडला, त्येची सुई काडली, कानाला लावून त्यो तांब्याचा गोळा हालवून बगितला, झ्याक. मंग म्हनाला पंपाचा पडदा गेलाय. पडदा बदलला. भामाबाई... ठप्प! मंग म्हनाला, वैनी, आता कळलं, इंजान तापतंय, पाइपीत पेट्रोलची वाफ हुतीया, म्हनून चहा पिऊस्तवर गार झालं की चालू हुतंय. पंपावर वली पोती ठेवा. आवं, भर पावसाळा! धो धो पाऊस वरनं, रस्त्यावर घोटा घोटा पानी, आन् आमचं मालक भिजत भिजत उतरत्यात, पोतं पान्यात बुडवत्यात आन् पंपावर ठेवत्यात! मी म्हटलं, आवं, येवड्या पावसात कसली वाफ? तर मुंडासं पिळत बसलं. आन् मंग हळू आवाजात म्हनालं, "राहे, तुला काय कळतंय."

पर मला एक कळत हुतं बायानू. मालकांचं हसू गेलं. पैलं सांजला छपरात टरकाशी बोलायचं, "आज बरी पळालीस गं," आसं. आता तिच्याकडं पाट करून जेवायचं. आन् दसरा झाल्यावर त्येंचा फौजेतला जोडीदार बिराप्पा आला, जतकडचा, म्हंबईत कंपनीत डायवर हाय. घोंगड्यावर बसला, पान लावलं, आन् म्हनाला, "लालासाब, काय त्या मड्याला धरून बसलायस? चल म्हंबईला. माज्या कंपनीत जागा हाय. खोली हाय. दिवाळीला सुट्टी हाय." दिवाळीला सुट्टी! माज्या हातातली थाळी खाली पडली बगा. म्हंजे परत त्येच! परत पावना! परत दारात "मामा आल्यात"!

मालकांनी छपराकडं बगितलं. मंग म्हनालं, "शेंगांची एक खेप हाय सांगलीची. ही खेप मधी न थांबता गेली आन् आली, तर ऱ्हातो. थांबली, तर मिरजेच्या भंगारवाल्याला टरक आन् मी म्हंबईला." एकदा शब्द दिला की फौजी मानूस, हालत न्हाई. मी रातभर जागी. सकाळी उटले, आन् म्हटलं मी बी येनार. मालक म्हनालं, "तू कशाला?" मी म्हटलं, "मला सांगलीत बांगड्या भरायच्यात." बांगड्या कसल्या! मला त्या भामाबाईला बगायची हुती, आन् माजा संसार कुटं थांबतुया त्ये बी बगायचं हुतं.

निगालो. मागं शेंगांची पोती, म्होरं मालक, मधी मी, कडंला इलियास, त्यो बी आला हुता वाटंत कायतरी झालं तर म्हनून. पलूसला पंपावर थांबलो, पेट्रोल भरलं. इलियासनं टाकीचं टोपान काडलं, मडगारावर ठेवलं, काठी घालून बगितलं, आन् म्हनाला, "चला वैनी, बिस्मिल्ला!" निगालो की! आन् जसजशी ती पिपरन दिसाय लागली, तसतसं मालकांचं हात घट्ट, इलियासचं ओट हालाय लागलं, मी तर सिद्धनाथाला नवस बोलले, म्हसवडला येते, दंडवत घालते, फकस्त ही पिपरन वलांडू दे! आन् बगते तर हाटेलाम्होरं भामाबाई उबी. आगं बाई गं! शंभरीला टेकल्याली, तोंडात दात न्हाई, डोळ्यावर हात धरून बगती, आन् हातात चहाच्या कपबश्या, तयार! तिनं आवाजावरनंच वळकलं हुतं गाडी येती म्हनून. आन् गाडी? खड्ड्यात आदळली, ठण्ण आसा आवाज झाला, आन् गेली की फुडं! थांबलीच न्हाई! भामाबाई मागनं हात वर करून वरडाय लागली, "आरं थांब! आरं लालासाब, थांब की रं!" मालक म्हनालं, "आज न्हाई आज्जे, येताना पितो!" आन् हसलं! कवा हसलं हुतं, मला आटवत बी न्हवतं.

तासगाव गेलं. सांगली आली. मधी येकदा बी न्हाई! इलियास म्हनतोय, "पडदा! मी म्हटलं न्हवतं, पडदाच हुता!" मालक म्हनत्यात, "पोत्यानं झालं." मी म्हटलं सिद्धनाथानं झालं. पोती उतरली. मालकांनी मला भडंग खाऊ घातलं, बांगड्या भरल्या, हिरव्या, ह्या बगा, ह्याच! परत गाडीपाशी आलो तर टोपानच न्हाई! इलियासनं कपाळावर हात मारला, मडगारावर ठेवलं त्ये ठेवलंच. ऱ्हाऊ द्या म्हनालं मालक, मुंडाशाचं टोक फाडलं, बोळा केला, टाकीच्या तोंडात कोंबला, आन् निगालो माघारी. गाडी आशी पळती, आशी पळती! मी म्हटलं म्हंबई गेली खड्ड्यात!

भामाबाईच्या हाटेलाम्होरं मालकांनी आपनहून गाडी थांबवली. चहा पितो म्हनलं हुतं न्हवं. म्हातारी आली, मला जवळ घिऊन गालावरनं हात फिरवला, "ही व्हय तुजी राही? ह्यो रोज तुजंच सांगत बसतुया गं." माज्या डोळ्याला पानीच आलं. त्या नथीची, त्या लुगड्याची मला काय लाज वाटली, काय लाज वाटली! साळूबाईला घरी जाऊन बगते म्हटलं! आन् म्हातारीनं पदराची गाठ सोडली, "आन् ह्ये घे तुजं टोपान. सकाळी येवड्या हाका मारल्या तर चहा नगं म्हनून पळालास!" म्हंजे म्हातारी चहासाटी वरडत न्हवती, टोपनासाटी! इलियासनं टोपान लावलं, घट्ट पिळलं, म्हातारीच्या पाया पडलो, आन् निगालो घरला.

पलूस गेलं. कुंडलची येस दिसाय लागली. येशीत पारावर नानासो, बिराप्पा, समदी बाप्यं बसल्याली, वाट बगत. पोरं वरडाय लागली, आली, आली! सासूबाई भाकरतुकडा घिऊन उब्या. आन् बराबर येशीत... खुर्र... खुर्र... खुक्... ठप्प!

मालक तसंच बसल्यालं, हात चाकावर. नानासो उटलं, मिशी म्होरं, आलं, बॉनेटात मुंडी घातली... आन् समदा पार येका तोंडानं, "कचरा आलाय!" मालक खाली उतरलं. माज्याकडं न बगता म्हनालं, "बिराप्पा, तिकीट काड. येतो मी."

माजं टाळकं फिरलं! मला काय इंजान कळत न्हाई, पंप कळत न्हाई. मला येवडंच दिसलं, जाताना ह्ये टोपान न्हवतं, येताना ह्ये टोपान न्हवतं, ह्ये मेलं बसलं आन् गाडी बसली! अपशकुनी! म्हटलं, ह्येनंच माज्या घराला नजर लावली! गेली तरातरा, टोपान पिळलं, फुस्सऽऽ आसा आवाज आला, जनू टाकीनं उसासाच टाकला, आन् टोपान घिऊन जे आपटलं पाराच्या दगडावर! ठान्न! आन् त्येच्यावरनं येक तांबडी खपली उडाली, भाकरीच्या पापुद्र्यायेवडी.

इलियासनं टोपान उचललं. नखानं खरवडलं. आजून खरवडलं. मंग त्येचं डोळं हे येवडं झालं. "लालासाब... वैनी... आवं ह्येला भोक हाय." "आँ?" "हवेचं भोक! पेट्रोल बाह्येर जातंय तेवडी हवा आत नगं? हवा न्हाई तर पेट्रोल येनार कसं? टाकी तोंड दाबून बसली हुती! थांबलं की कुटनं तरी जराजरा हवा शिरायची, न्हाई तर तुमी पाइपीतनं फुकायचा, आन् चालू व्हायची! ह्ये भोक बुजवलं कुनी? आन् ह्यो तांबडा कसला रंग?"

समदी बाप्यं टोपनाकडं बगत्यात, आन् मी बगते सासूबाईंकडं. आवं, बेंदराचा हिंगूळ की त्यो! बैलांच्या सनाला शिंगास्नी लावायचा! सासूबाईंनी भाकरतुकडा माज्या हातात दिला, कमरंवर हात ठेवला, आन् म्हनाल्या, "मग? मी लावला! दावनीला बैल न्हाई, तर बेंदूर कुनाचा करायचा? ज्याच्या जीवावर खातोय त्येचा करायचा का न्हाई? खांद्याला हळद-तेल चोळलं, चाकाला दोरा बांदला. शिंगं मातूर घावंनात. मंग बगितलं, त्या नळीवर पितळंची शेंबी दिसली, जशी आपल्या सर्ज्याच्या शिंगाला हुती. म्हटलं हेच शिंग! लावला हिंगूळ, पावसानं जाऊ नये म्हनून तेलात कालवून, दाट! दसऱ्याला परत लावला! चुकलं काय माजं?"

इलियास घाबरून म्हनाला, "आज्जी, आन् पुरनपोळी? ती न्हाई न्हवं घातली टाकीत?" सासूबाई भडकल्या, "मी काय येडी हाय व्हय? इंजान कुटं पोळी खातंय? पोळी डायवरानं खाल्ली, पाच खाल्ल्या!"

आन् मालक हसाय लागलं. पाराला धरून हसाय लागलं, डोळ्यातनं पानी यिऊस्तवर. आईच्या गळ्यात पडलं, आन् म्हातारी मारती त्येच्या पाटीवर, "हसतुयास काय मुडद्या!" मी बी हसले, मी बी रडले, इलियासनं सुई मागितली, भोक मोकळं केलं, टोपान लावलं, आन् गाडी चालू! बिराप्पा येकटाच म्हंबईला गेला. आन् नानासो? त्यांनी खाली वाकून ती तांबडी खपली उचलली, चिमटीत धरली, उनात बगितली, आन् मिशीवर हात फिरवून म्हनालं, "मैंने क्या बोला था? कचरा!"

तर आसं झालं बायानू. नवरा घरी ऱ्हावा म्हनून मी देव पान्यात घातलं, तवा गाडी नीट झाली. आन् आता? गाडी थांबतच न्हाई! आज सांगली, उद्या जत, परवा म्हसवडच्या जत्रंची मानसं. "राहे, जेवन बांदून दे." "राहे, उशीर हुईल." बंद पडायची तवा निदान छपरात गाडीखाली तरी पाय दिसायचं हो मालकांचं! बाप दिसत न्हाई म्हनून पोरगी इचारती, तिला काय सांगू?

पर यंदाच्या बेंदराला काय नवल झालं, मालक म्हनालं, आज खेप न्हाई, आज घरी! दिसभर! मी हुरळली. पुरन घातलं, कटाची आमटी केली, नव्या बांगड्या घातल्या. मालक जेवाय बसलं. एक हात ताटात, दुसरा हात सदऱ्याच्या खिशावर, घट्ट. मला धसकाच बसला, म्हटलं, "आवं, छातीत दुकतंय का?" न्हाई म्हनालं. मंग हात का काडंना? तर हळूच खिसा दावला... आत टोपान! दाराकडं बगून बारीक आवाजात म्हनत्यात, "आईनं सकाळीच हिंगूळ कालवलाय. तिचा बेंदूर आटपूस्तवर मी हितनं हालत न्हाई."

आता तुमीच सांगा, काय करावं बाईनं? मी मुकाट त्येंच्या ताटात आजून येक पोळी वाडली, वर तुपाची धार सोडली. म्हटलं, जाऊ दे राहे... टोपान राखायला का हुईना, मानूस दिसभर घरी हाय!